किताब, सनद आणि माझगावची टेकडी

डॉकयार्ड रोड स्टेशनातून बाहेर पडलं की भंडारवाड्याची टेकडी लागते. वर जोसेफ बाप्टिस्टांच्या नावाची बाग आहे. टिळकांच्या होमरूल चळवळीतले काका बाप्टिस्टा ते हेच. सकाळी तिथे माणसं फिरायला येतात, बाकावर बसून बंदरातल्या बोटी बघतात. 1680 च्या सुमारास याच टेकडीवर इंग्रजांनी एक किल्ला बांधला होता. दहाच वर्षांत, 1690 च्या जून महिन्यात, जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने जाताजाता तो जाळला. त्याआधी वर्षभर माझगावपासून माहीमपर्यंतचा पट्टा त्याच्या हाती होता आणि इंग्रज कोटाच्या भिंतींआड कोंडले गेले होते.

मुंबईवर हे संकट ओढवलं ते चाइल्ड या आडनावामुळे. या आडनावाचे दोन पुरुष त्या काळी कंपनीच्या इतिहासात आहेत आणि दोघंही बॅरोनेट. एक सर जोसाया चाइल्ड, लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीची सूत्रं हलवणारा. दुसरा सर जॉन चाइल्ड, सुरतेचा अध्यक्ष आणि पुढे मुंबईत बसून कंपनीचा सारा पश्चिम किनारा चालवणारा. दोघं सख्खे भाऊ होते असं दीर्घकाळ लिहिलं गेलं. पुढच्या अभ्यासकांनी ते खोडून काढलं. पण कारभार मात्र दोघांनी एकाच घरातला असावा तसा केला.

आपल्याकडे कंपनीची गोष्ट प्लासीपासून सांगायची सवय आहे. तराजू घेऊन आले, तलवार घेऊन बसले, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं की मधल्या काळात लंडनमध्ये काय घडलं हे विचारायचंच राहून जातं. माझं म्हणणं असं की कंपनीचं राज्य आधी लंडनमध्ये घडलं. राजा आणि एक व्यापारी घराणं यांच्यातल्या देवघेवीत ते आकाराला आलं. ती देवघेव कशी चालली हे नीट पाहिलं तर आजच्या एका प्रश्नाबद्दलही ठाम मत बनवता येतं. ते मत मी शेवटी मांडणार आहे.

आधी बॅरोनेट म्हणजे काय ते सांगायला हवं. मुंबईकरांना हा शब्द सर जमशेटजी जिजीभॉय यांच्यामुळे ठाऊक आहे. 1857 मध्ये ते पहिले हिंदी बॅरोनेट झाले. नावाआधी ‘सर’ लागतं, किताब बापाकडून मुलाकडे जातो, पण उमरावांच्या सभागृहात जागा मिळत नाही. हा दर्जा इंग्लंडमध्ये प्राचीन काळापासून चालत आलेला नव्हता. 22 मे 1611 रोजी पहिल्या जेम्स राजाने तो निर्माण केला, आणि कारण उघड होतं. तिजोरी रिकामी होती आणि आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांतात इंग्रज वसाहत बसवायला फौज हवी होती. किताब घेणाऱ्याने तीस शिपायांचा तीन वर्षांचा पगार भरायचा. शिपायाला दिवसाला आठ पेन्स, म्हणजे तीस शिपायांचा रोजचा एक पौंड. तीन वर्षांचे 1,095 पौंड. किताबाची किंमत बरोबर तेवढीच ठरली. वर्षाला हजार पौंडांचं जमिनीचं उत्पन्न हवं, आजोबांपासून घराण्याला चिन्ह हवं, अशा अटीही होत्या. दोनशेहून अधिक बॅरोनेट करणार नाही, असं राजाने वचन दिलं. ते पुढे पाळलं गेलं नाही.

म्हणजे एका मुलखात वसाहत लादण्यासाठी लागणारा पैसा उभारायला दुसऱ्या मुलखातला मान विकायचा, ही रीत या किताबाच्या जन्मातच आहे. तरीही बॅरोनेट म्हटला की तो राजाचा मिंधा, असा सरसकट निष्कर्ष मी काढणार नाही, कारण इतिहास तसं सांगत नाही.

एसेक्स परगण्यातलं बॅरिंग्टन घराणं पाहा. सर फ्रान्सिस बॅरिंग्टन हा 1611 च्या पहिल्याच वर्षातला बॅरोनेट. पहिल्या चार्ल्सने 1626 मध्ये पार्लमेंटला बगल देऊन श्रीमंतांकडून सक्तीचं कर्ज वसूल करायचं ठरवलं, तेव्हा या वयोवृद्ध माणसाने त्यात हातभार लावायला नकार दिला आणि तो लंडनच्या मार्शलसी तुरुंगात गेला. सुटल्यानंतर फार जगला नाही, 1628 मध्ये वारला. त्याची बायको लेडी जोन ही ऑलिव्हर क्रॉमवेलची आत्या. त्याच कर्जाला नकार दिल्यामुळे तुरुंगात पडलेल्या ज्या पाच जणांनी 1627 मध्ये राजाला कोर्टात खेचलं, त्यांतले सर थॉमस डार्नेल आणि सर जॉन कॉर्बेट हेही बॅरोनेटच. ते खटला हरले, पण त्या हरण्यातूनच पुढच्या वर्षी हक्कांची मागणी पार्लमेंटने राजाकडून मान्य करून घेतली. विनाखटला कैद नको आणि पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर नको, हे त्यातलं सार. ज्या माणसांना राजाने किताब विकला त्यांनीच राजाला अडवलं.

बॅरिंग्टनांना मी संत म्हणत नाही. फ्रान्सिसचा मुलगा सर थॉमस हा कॅरिबियन समुद्रातल्या प्रॉव्हिडन्स बेटावर वसाहत चालवणाऱ्या कंपनीत भागीदार होता आणि त्या बेटावर गुलाम राबत होते. पण घरच्या राजकारणात हे घराणं राजाला नाही म्हणू शकलं. त्याच एसेक्समध्ये पन्नासेक वर्षांनी वॉन्स्टेडचं चाइल्ड घराणं उभं राहिलं आणि ते नाही म्हणू शकलं नाही. हा फरक कशातून आला?

जोसाया चाइल्डचा जन्म 1630 च्या आसपासचा, लंडनच्या एका व्यापाऱ्याचा धाकटा मुलगा. क्रॉमवेलच्या काळात पोर्ट्समथला आरमाराला रसद पुरवण्याच्या कामात त्याने पैसा केला. 1658 मध्ये तो त्या शहराचा महापौर होता, 1659 मध्ये पार्लमेंटमध्येही गेला. म्हणजे सुरुवात राजाविरुद्धच्या गोटातली. अर्थशास्त्रावर त्याने लिहिलं, आणि बरंच चांगलं लिहिलं. व्याजाचा दर कायद्याने उतरवावा, डचांच्या व्यापारी शिस्तीकडून शिकावं, असं त्याचं म्हणणं होतं. कंपनीत त्याने भरपूर भाग घेतले आणि 1674 पासून तो संचालक मंडळात आला. 1676 मध्ये तर दुसऱ्या चार्ल्स राजाने कंपनीला बजावलं होतं की चाइल्ड आणि त्याचा स्नेही थॉमस पॅपिलॉन यांना निवडून देऊ नका, ही माणसं आम्हाला पसंत नाहीत.

दोनच वर्षांत, 1678 मध्ये, याच चाइल्डला त्याच राजाकडून बॅरोनेटचा किताब मिळाला. 1681 मध्ये तो कंपनीचा गव्हर्नर झाला, आणि त्याच वर्षी कंपनीने राजाला 10 हजार गिनींचा, म्हणजे सोन्याच्या नाण्यांचा, नजराणा दिला. पुढे तो वर्षावर्षाला जात राहिला. या साली इंग्लंडमध्ये आणखी काय घडलं होतं ते लक्षात घ्यावं. मार्चमध्ये राजाने ऑक्सफर्डला भरलेलं पार्लमेंट मोडलं आणि मरेपर्यंत, म्हणजे 1685 पर्यंत, पुन्हा बोलावलं नाही. पार्लमेंट नाही म्हणजे नव्या करांना मंजुरी नाही. राजाला पैसा दुसरीकडून आणावा लागणार होता. 10 हजार गिनींनी राज्य चालत नाही, हे खरं. जकात होती, फ्रान्सच्या राजाकडून येणारी गुप्त रक्कम होती. पण पार्लमेंटपुढे हात पसरायची वेळ येऊ नये म्हणून जे जे झरे राजाने जुळवून ठेवले, त्यांत कंपनी हा एक होता, आणि तिच्या आयात मालावरची जकात हा आणखी एक.

जुना मित्र पॅपिलॉन मात्र फिरला नाही. कंपनीचं भांडवल नव्याने उभारून भागीदारी अधिक लोकांना खुली करावी, असा त्याच्या गटाचा आग्रह होता. तो फेटाळला गेला आणि तो गट बाहेर पडला. 1682 मध्ये लंडनच्या शेरीफपदाच्या निवडणुकीतून जो तंटा झाला, त्यात राजाच्या बाजूच्या माणसाने पॅपिलॉनवर दावा ठोकला. 10 हजार पौंडांची भरपाई त्याच्यावर बसली आणि त्याला हॉलंडमध्ये पळून जावं लागलं. एकाच मंडळात शेजारी बसणाऱ्या दोन व्यापाऱ्यांपैकी एकाने राजाशी जमवून घेतलं, तर दुसरा देशोधडीला लागला.

डायरी लिहिणारा जॉन एव्हलिन 1683 च्या मार्चमध्ये वॉन्स्टेडला गेला होता. ओसाड जागी मैलोगणती पसरलेली अक्रोडाची झाडं आणि माशांची तळी त्याने पाहिली. अचानक पैसा हाती आलेली माणसं अशाच जागी घरं बांधतात, असा शेराही त्याने मारला. व्यापाऱ्याकडचा उमेदवार म्हणून सुरुवात केलेल्या या माणसाची मालमत्ता लोक 2 लाख पौंडांची सांगतात, आणि मुलीच्या लग्नात त्याने 50 हजार पौंड दिले, हेही त्याने टिपलं. ती मुलगी रिबेका ब्यूफर्टच्या ड्यूकच्या थोरल्या मुलाला दिलेली, आणि तिचा मुलगा पुढे दुसरा ड्यूक झाला. एका पिढीत व्यापाऱ्याचं घर ड्यूकच्या घराला जोडलं गेलं.

आता बॅरिंग्टन आणि चाइल्ड यांच्यातला फरक. बॅरिंग्टनचं उत्पन्न एसेक्सच्या जमिनीतून येत होतं. राजाने त्याला कैदेत टाकलं तरी शेतं पिकत होती, कुळं खंड भरत होती. चाइल्डचं उत्पन्न एका सनदेतून येत होतं. केप ऑफ गुड होपच्या पलीकडचा सारा इंग्रज व्यापार फक्त कंपनीने करायचा, ही ती सनद, आणि ती राजाच्या मर्जीवर उभी. पार्लमेंटचा कायदा तिच्यामागे नव्हता. राजाने उद्या दुसऱ्या कुणाला सनद दिली की वॉन्स्टेडची तळी आटलीच म्हणायची. अशा माणसाला एकदा पैसे देऊन मोकळं होता येत नाही. तो देतच राहतो. आणि घेणाऱ्यालाही ती सवय लागली की देणाऱ्याला आवरण्याची त्याची ताकद जाते. किताबापेक्षा ही बांधीलकी मला कितीतरी जास्त घातक वाटते.

1683 च्या ऑगस्टमध्ये चार्ल्सने कंपनीला नवी सनद दिली. ख्रिस्ती नसलेल्या राजांशी लढाई आणि तह करण्याची मुभा 1661 च्या सनदेतही होती. आता फौज उभारणं, लष्करी कायदा लावणं, परवान्याशिवाय व्यापार करणाऱ्यांची जहाजं जप्त करणं आणि त्यासाठी स्वतःची न्यायालयं बसवणं, हे सगळं तपशिलाने आलं. हे हक्क कोर्टात टिकतात का, याची परीक्षा लगेच झाली. थॉमस सँडिस नावाच्या व्यापाऱ्याने परवाना न घेता पूर्वेकडे जहाज धाडायची तयारी केली, कंपनीने ते अडवलं आणि खटला उभा राहिला. 1685 मध्ये सरन्यायाधीश जेफ्रीजने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. हा तोच जेफ्रीज, ज्याने त्याच वर्षी बंडखोरांना फासावर चढवून देशभर दहशत बसवली.

त्या खटल्यातला एक युक्तिवाद प्रत्येक हिंदी वाचकाने वाचावा असा आहे. ख्रिस्ती नसलेले लोक हे ख्रिस्ती राजाचे कायमचे शत्रू असतात, त्यांच्याशी व्यवहार करायला राजाची परवानगी लागते, म्हणून ती परवानगी एकाच कंपनीला देण्याचा राजाला हक्क आहे, असं कंपनीच्या वकिलांनी मांडलं. मुद्दा होता लंडनच्या एका व्यापाऱ्याला रोखण्याचा. त्यासाठी सुरतेचे बनिये, राजापूरचे मुसलमान सौदागर, मुंबईचे कोळी आणि भंडारी या सगळ्यांना कायद्याच्या पुस्तकात शत्रू म्हणून उभं केलं गेलं. त्यांतल्या कुणालाही याची खबर नव्हती. आपल्याला तिजोरी भरायची आहे म्हणून तिसऱ्या कुणालातरी शत्रू ठरवायचं, हे कोर्टाच्या शांत दालनात घडलं. त्याची अंमलबजावणी पुढे तोफांनी झाली.

मुंबईत मात्र या कारभाराला पहिला धक्का इंग्रजांनीच दिला. हे बेट 1661 च्या विवाहाच्या तहात पोर्तुगालकडून चार्ल्सला मिळालं आणि 1668 मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड सोन्याच्या भाड्याने कंपनीला दिलं होतं. जॉन चाइल्डने खर्चकपात म्हणून फौजेच्या पगाराला कात्री लावली. 27 डिसेंबर 1683 रोजी कॅप्टन रिचर्ड केग्विनने बंड केलं, जॉन चाइल्डचा सोयरा असलेल्या डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्डला अटक केली आणि कंपनीची सत्ता संपली, इथून पुढे राजाचा अंमल, असं जाहीर केलं. हा माणूस जवळपास वर्षभर बेट चालवत होता. 1684 मध्ये त्याने संभाजीराजांशी तह केला. बेटाचा कारभार त्याने कंपनीपेक्षा बरा चालवला, असं मला वाटतं. पण ज्या राजाच्या नावाने त्याने झेंडा उभारला, त्याच राजाने बेट कंपनीच्या हवाली करण्याचा हुकूम धाडला. नोव्हेंबर 1684 मध्ये सर थॉमस ग्रँथमच्या हाती त्याने किल्ला सोपवला. राजनिष्ठ शिपायापेक्षा नजराणा देणारी कंपनी राजाला जवळची होती. दोन-तीन महिन्यांत, फेब्रुवारी 1685 मध्ये, जॉन चाइल्डही बॅरोनेट झाला.

त्याच महिन्यात चार्ल्स मेला आणि त्याचा भाऊ दुसरा जेम्स गादीवर आला. तो तर स्वतःच कंपनीचा भागधारक. त्याच्या अमदानीत कंपनीने हिंदुस्थानच्या बादशहाशी थेट लढाई आरंभली. 1686 मध्ये दहा जहाजं आणि पायदळाच्या सहा तुकड्या बंगालकडे निघाल्या. चितगाव घ्यायचं, हा बेत. त्यातून हुगळीला चकमकी झाल्या आणि कंपनीचा बंगालमधला प्रमुख जॉब चार्नॉक याला दलदलीतून माघार घेत फिरावं लागलं. तरी डिसेंबर 1687 मध्ये लंडनहून मद्रासला गेलेल्या पत्रात कंपनीचे संचालक लिहितात की मुलकी आणि लष्करी सत्तेची अशी घडी बसवा, एवढा वसूल उभा करा, की हिंदुस्थानात इंग्रजांचं मोठं, पक्क्या पायाचं आणि कायमचं राज्य त्यावर उभं राहील. हे प्लासीच्या सत्तर वर्षं आधीचं पत्र आहे. नकळत राज्य हाती आलं, हा दावा या एका पत्राने कोसळतो.

पश्चिम किनाऱ्यावर जॉन चाइल्डने मोगलांची व्यापारी जहाजं धरायला सुरुवात केली. सिद्दीच्या फौजेसाठी धान्य नेणारी गलबतंही त्याने सोडली नाहीत. सिद्दी याकूतखान हा औरंगजेबाच्या आरमाराचा सरदार आणि जंजिरा मुंबईपासून दूर नाही. 1689 च्या पूर्वार्धात तो शिवडीला उतरला. हे ते दिवस, जेव्हा संभाजीराजे संगमेश्वरला पकडले गेले आणि 11 मार्चला त्यांची हत्या झाली. मराठ्यांचं राज्य जिवाच्या आकांताने टिकून राहायला झगडत होतं. औरंगजेबाला मोकळीक मिळण्याच्या नेमक्या वेळी कंपनीने त्याच्याशी भांडण उकरून काढलं होतं. माझगाव पडलं, माहीम पडलं. सिद्दीबरोबर वीस हजार माणसं होती, असं त्या वेळी तिथे लढलेला कॅप्टन अलेक्झांडर हॅमिल्टन लिहितो. लढाईने मारली त्याहून जास्त माणसं त्यानंतरच्या चार महिन्यांतल्या साथीने नेली, असंही तोच सांगतो.

हॅमिल्टन खासगी व्यापार करणारा होता आणि दोन्ही चाइल्डांचा कट्टर द्वेष्टा, हे लक्षात ठेवून त्याला वाचायला हवं. मुंबईच्या न्यायाधीशपदी नेमलेल्या व्हॉक्सने आपण इंग्लंडच्या कायद्यांप्रमाणे न्याय करू असं लिहिलं, तेव्हा जोसाया चाइल्ड संतापला आणि माझे हुकूम हेच तुझे कायदे, इंग्लंडचे कायदे म्हणजे काही अडाणी जमीनदारांनी जमवलेला मूर्खपणाचा ढीग, असं त्याने उत्तर दिलं, ही गोष्ट हॅमिल्टनचीच. शब्द तंतोतंत असेच असतील याची खात्री देता येत नाही. पण सनदेत जे लिहिलं होतं, ते याहून फार वेगळं नव्हतं.

शेवटी कंपनीच्या वकिलांना औरंगजेबापुढे जाऊन माफी मागावी लागली. 1690 च्या फर्मानात अटी होत्या: दीड लाख रुपये दंड, लुटलेला माल परत, आणि या सगळ्या उपद्रवाचं मूळ असलेल्या चाइल्डला काढून टाका. बादशहाने नाव घेऊन काढायला सांगितलेला हा पहिलाच बॅरोनेट असावा. त्याला काढायची वेळ आली नाही. जॉन चाइल्ड 4 फेब्रुवारी 1690 रोजी मुंबईतच मरण पावला. दंड कंपनीच्या वहीत खर्ची पडला. माझगाव आणि माहीमच्या ज्या रहिवाशांची घरं गेली, त्यांचं नाव कोणत्याच वहीत आलं नाही.

चाइल्डच्या बाजूने बोलायचं तर एक मुद्दा खरा आहे. डच कंपनी तोफा घेऊनच व्यापार करत होती आणि 1682 मध्ये जावामधल्या बँटमहून तिने इंग्रजांना हुसकावलं. हत्यार नसेल तर बाजार हातचा जाईल, ही भीती बिनबुडाची नव्हती. पण मुंबईचं युद्ध डचांशी नव्हतंच. ज्याच्या परवानगीने सुरतेची वखार चालत होती, त्या बादशहाशी ते होतं. आणि ते सुरू करण्याआधी इंग्लंडच्या कोणत्याही प्रतिनिधीगृहात त्यावर चर्चा झाली नाही. संचालकांचं मंडळ, एक गव्हर्नर आणि एक राजा यांच्यात ते ठरलं.

1688 च्या क्रांतीत जेम्स पळाला, तेव्हा चाइल्डचा आश्रयदाता गेला, पण रीत गेली नाही. आता राजाच्या जोडीला मंत्री आणि पार्लमेंटचे सभासद यांनाही सांभाळावं लागणार होतं. टेम्स नदीत रेडब्रिज नावाचं जहाज अडवलं गेल्यावर जानेवारी 1694 मध्ये कॉमन्स सभागृहाने ठराव केला की पूर्वेशी व्यापार करण्याचा सर्व इंग्रजांना सारखाच हक्क आहे, पार्लमेंटच्या कायद्याने मनाई केली असेल तरच तो थांबेल. पुढच्या वर्षी सभागृहाने कंपनीच्या वह्याच मागवल्या. क्रांतीपूर्वी विशेष सेवेच्या नावाखाली वर्षाकाठी जेमतेम हजार-बाराशे पौंड खर्ची पडत होते. 1693 या एका वर्षात तो आकडा 80 ते 90 हजारांच्या घरात गेला होता. सनद नव्याने मिळवण्याचं ते वर्ष. चाइल्डच्या गोटातला गव्हर्नर सर थॉमस कुक लंडनच्या टॉवर किल्ल्यात कैदेत गेला. राजाच्या मंत्रिमंडळातल्या लीड्सच्या ड्यूकवर लाच घेतल्याचा आरोप ठेवून महाभियोग दाखल झाला. मुख्य साक्षीदार असलेला ड्यूकचा नोकर देश सोडून पळाला, अधिवेशन संपवण्यात आलं आणि प्रकरण तिथेच विरलं. जोसाया चाइल्डला हात लागला नाही. 1699 मध्ये तो वॉन्स्टेडला वारला. तिथल्या चर्चमधल्या त्याच्या स्मारकात तो रोमन वेशात उभा आहे.

या चौकशीमुळे हुरळून जाणारे बरेच असतात. वह्या उघडल्या, लाच बाहेर आली, पारदर्शकतेचा विजय झाला, असं ते म्हणतात. मी तिथे थांबायला तयार नाही, कारण 1698 मध्ये काय झालं तेही पाहायला हवं. प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांनी सरकारला आठ टक्के व्याजाने 20 लाख पौंड कर्ज दिलं आणि त्या बदल्यात कायद्यानेच नव्या कंपनीला मक्तेदारी मिळाली. जुन्या कंपनीने 7 लाखच देऊ केले होते. या वेळी सगळं उघड्यावर झालं, पार्लमेंटच्या पटलावर, जाहीर आकड्यांसह. देवघेव मात्र तीच राहिली. जुन्या कंपनीने नव्या कंपनीतच 3 लाख 15 हजारांचे भाग घेतले, दहाएक वर्षांत दोन्ही एक झाल्या, आणि पुढे बंगाल घेणारी, पुण्याचा शनिवारवाडा ताब्यात घेणारी कंपनी ती हीच. पारदर्शकता हवीच. पण ती पुरत नाही, हे मला चाइल्ड घराण्याच्या गोष्टीने शिकवलं.

घराण्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात. धाकटा मुलगा सर रिचर्ड तिसरा बॅरोनेट, एसेक्सचा सभासद. आधी टोरी पक्षात, मग हवा बदलली तशी विरोधी व्हिग पक्षाच्या बाजूला आला. 1718 मध्ये व्हायकाउंट आणि 1731 मध्ये अर्ल टिल्नी झाला. वॉन्स्टेडला त्याने वास्तुकार कोलन कॅम्पबेलकडून भला मोठा महाल बांधून घेतला. वारसाहक्काने ती मालमत्ता कॅथरीन टिल्नी-लाँगकडे आली. 1812 मध्ये तिने ज्याच्याशी लग्न केलं तो वेलिंग्टनचा पुतण्या. वेलिंग्टन म्हणजे आपल्याकडच्या जालन्याजवळ असईला 1803 मध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली. पुतण्याने एवढं कर्ज केलं की 1822 मध्ये सामान लिलावात निघालं आणि मग महाल पाडून विटा-दगड विकले गेले. तिथे आज उद्यान आहे, गोल्फचं मैदान आहे.

आता माझं मत. सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या फेब्रुवारीत निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले, ते मतदाराचा माहितीचा हक्क पुढे ठेवून. तो निकाल योग्यच होता. पण कुणी कुणाला किती दिलं एवढं कळणं म्हणजे 1695 पर्यंत पोचणं. ज्या धंद्याचं उत्पन्न सरकारी सहीवर उभं आहे, खाणीचा पट्टा, बंदराचा ठेका, दूरसंचार लहरींचा परवाना, रस्त्याचा टोल, त्या धंद्याला राजकीय पक्षांना देणगी देण्याची मुभाच असू नये. उघडपणे नको आणि गुपचूपही नको. असे ठेकेदार कंपन्यांचे प्रवर्तक आणि त्यांच्या घरातली माणसं हीसुद्धा त्या बंदीत यायला हवीत, नाहीतर चाइल्डसारखं घराणं त्यातून वाट काढतंच. बॅरिंग्टनसारखा माणूस, ज्याची शेतं राजाच्या सहीविना पिकतात, त्याने कुणाला काय द्यावं हा त्याचा प्रश्न. हा भेद आपल्या कायद्यात नाही. तो आणला पाहिजे, आणि ठेक्याची मुदत संपल्यानंतरही काही वर्षं तो लागू राहिला पाहिजे.

आणि शाळेच्या पुस्तकात, प्लासीच्या धड्याआधी, 1683 ची सनद, 1687 चं ते पत्र आणि 1689 चं माझगाव यांना एक पान मिळावं. मुंबईतल्या मुलांना तर ती टेकडी चालत जाऊन दाखवता येईल.